आधी इयरफोन, मग प्लेअर

सप्टेंबर २०१६ मध्ये बर्लिनच्या ‘इफा’ प्रदर्शनात सोनीने दोन नवे वॉकमन मांडले. एकाचं नाव एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१ए, दुसऱ्याचं एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१झेड. दोघांचा पडदा तोच, सॉफ्टवेअर तेच आणि आवाज घडवणारी ‘एस-मास्टर एचएक्स’ ही अ‍ॅम्प्लिफायर चिपही तीच. फरक होता तो मुख्यतः अंगाचा. पहिल्याची चौकट अ‍ॅल्युमिनियमची, वजन २६७ ग्रॅम. दुसऱ्याची चौकट ऑक्सिजनविरहित तांब्याच्या ठोकळ्यातून कोरून काढलेली, वर सोन्याचा मुलामा, वजन ४५५ ग्रॅम. आतल्या काही तारा आणि सुटे भाग वेगळे, साठवणुकीची जागा १२८ ऐवजी २५६ जीबी. अमेरिकेत पहिल्याची किंमत होती सुमारे १,२०० डॉलर, दुसऱ्याची सुमारे ३,२००. त्याच महिन्यात अ‍ॅपलने आयफोन ७ आणला आणि त्यातून हेडफोनचा जॅक काढून टाकला.

म्हणजे जगाचं संगीत फोनमध्ये जाऊन बसलं होतं, फोनमधून तार हद्दपार होत होती, आणि नेमक्या त्याच वेळी फक्त संगीत वाजवणाऱ्या यंत्रासाठी काही लोक मोटरसायकलची किंमत मोजायला तयार होते. हे निव्वळ श्रीमंतांचं खूळ आहे असं म्हणून मी हा विषय बाजूला टाकणार नाही. चांगल्या प्लेअरवर चांगल्या इयरफोनने ऐकलेला तानपुरा हा खरा आनंद आहे, आणि त्यासाठी पैसे साठवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. म्हणूनच त्याचे पैसे योग्य जागी पडावेत असंही वाटतं. अनेकदा ते पडत नाहीत, कारण खरेदीची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते.

प्लेअरच्या आत घडतं ते थोडक्यात असं. कार्डावर साठवलेल्या फाइलमधले आकडे सॉफ्टवेअर वाचतं. डीएसी नावाची चिप त्या आकड्यांचं विजेच्या चढउतारात रूपांतर करते. अ‍ॅम्प्लिफायर त्या चढउतारांना जोर देतो आणि इयरफोन त्यातून हवा हलवतो. दुकानदार आणि जाहिराती या साखळीच्या पहिल्या टोकाला बोट लावून दाखवतात: किती बिट, किती किलोहर्ट्झ, कुठली चिप. कानाला मात्र सगळ्यात मोठा फरक जाणवतो तो शेवटच्या टोकाला. निवडही तिथूनच उलट्या क्रमाने करत यायला हवी. आधी इयरफोन, मग त्याला लागणारा अ‍ॅम्प्लिफायर, मग रोजच्या वापराचं सॉफ्टवेअर आणि सगळ्यांत शेवटी चिपचं नाव.

तरी ग्राहकाच्या डोक्यात पहिल्यांदा आकडेच शिरतात, म्हणून ते आधी उलगडू.

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली तेव्हापासून तिचं माप ठरलेलं आहे: सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. सेकंदाला जितके नमुने, त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचा आवाज त्यांतून जसाच्या तसा परत उभा करता येतो. हे गणित नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने ओळखलं जातं. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. निरोगी तरुण कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही वरची हद्द खाली येत जाते. पन्नाशीनंतर अनेकांना १५,००० हर्ट्झचा सूर लावून दाखवला तरी शांतताच ऐकू येते. बिटांचं गणितही सोपं आहे. एक बिट म्हणजे सुमारे ६ डेसिबल. म्हणून १६ बिटांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. रात्रीच्या शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. त्यावर ९६ चढवले तर कान दुखायला लागतील.

माहितीपत्रकांत एक चित्र नेहमी असतं. सीडीची लहर पायऱ्यापायऱ्यांची आणि ‘हाय-रेझ’ची, म्हणजे सीडीहून मोठ्या मापाच्या फाइलची, लहर गुळगुळीत. हे चित्र दिशाभूल करणारं आहे. डीएसीच्या पाठोपाठ असणारा फिल्टर त्या पायऱ्या पुसून टाकतो, आणि कानापर्यंत येणारी लहर दोन्हीकडे सारखीच सलग असते. नमुने वाढवल्याने लहर जास्त गुळगुळीत होत नाही. जास्त वरच्या वारंवारतेचा आवाज साठवता येतो, एवढंच.

मग फरक ऐकू येतो की नाही? २००७ मध्ये ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी अमेरिकेत बरेच दिवस चाललेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष छापले. उच्च दर्जाची ध्वनिमुद्रणं एकदा थेट आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकवली, तर ऐकणाऱ्यांना ती ओळखता आली नाहीत. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी तोपर्यंतच्या १८ अभ्यासांची एकत्र छाननी केली. एकूण अचूक उत्तरं निघाली ५२.३ टक्के. नाणं उडवलं तर ५० टक्के येतात. सराव दिलेल्या श्रोत्यांचं प्रमाण याहून बरंच वर होतं, त्यामुळे फरक शून्य आहे असं म्हणता येत नाही. पण ज्या फरकासाठी सराव लागतो आणि एकाग्र होऊन ताणून ऐकावं लागतं, त्यावर अंदाजपत्रकातला मोठा वाटा घालवणं मला पटत नाही. स्टुडिओत मात्र २४ बिट हवेतच. गायक अचानक तार सप्तकात गेला तरी ध्वनिमुद्रण फाटू नये, यासाठी तिथे मोकळी जागा लागते.

कधीकधी एखाद्या जुन्या अल्बमची ‘हाय-रेझ’ आवृत्ती खरोखरच वेगळी आणि सुंदर वाटते. बहुतेक वेळा तिथे श्रेय मास्टरिंगचं असतं. कुणीतरी मूळ टेप पुन्हा काढून, आवाजाची उंच-सखल पातळी न दाबता ती नव्याने तयार केलेली असते. तीच आवृत्ती सीडीच्या मापात उतरवली तरी तितकीच सुंदर वाटेल. आपल्याकडच्या रसिकाने हे खास लक्षात घ्यावं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ गतीच्या तबकड्यांवर वरच्या वारंवारता मुळातच फार थोड्या पोचलेल्या आहेत आणि सुई घासल्याची खरखर भरपूर आहे. अशी तबकडी २४ बिट, १९२ किलोहर्ट्झमध्ये उतरवणं संग्रहालयासाठी, खरखर काढणाऱ्या तंत्रज्ञासाठी उपयोगाचं असतं. ऐकणाऱ्याला त्यातून खाँसाहेबांचा जास्तीचा स्वर मिळत नाही. तिथे महत्त्वाचं असतं ते तबकडीची प्रत किती चांगली होती, योग्य गतीला आणि योग्य सुईने वाजवली का, आणि खरखर काढण्याच्या नादात आवाजातली धार तर गेली नाही ना, हे.

आता इयरफोन. चांगल्या बांधणीच्या दोन डीएसींमधला फरक मोजायला उपकरणं लागतात. दोन इयरफोनमधला फरक मात्र पहिल्या पाच सेकंदांत कळतो. एकात तबल्याचा बायाँ घुमतो, दुसऱ्यात कोरडा लागतो. एकात तानपुऱ्याची जवारी झळाळते, दुसऱ्यात मंदावते. म्हणून एकूण रकमेतला मोठा वाटा इथे जावा. ओळखीच्या ध्वनिमुद्रणांवर, शक्य तेवढा वेळ, कानात नीट बसवून ऐकावं. रबरी टोपी नीट बसली नाही तर खर्ज गळून जातो आणि दोष प्लेअरला दिला जातो.

इयरफोन ठरला की प्लेअरला विचारायचे खरे प्रश्न सुरू होतात, आणि त्यातला पहिला प्रश्न माहितीपत्रकात बहुधा बारीक अक्षरात असतो: आउटपुट इम्पीडन्स किती? म्हणजे प्लेअर बाहेर वीज देताना स्वतः किती रोध करतो. हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते कागदावर मांडून पाहण्यासारखं आहे.

बॅलन्स्ड आर्मेचर नावाचे सूक्ष्म ड्रायव्हर एकत्र बसवलेले महागडे इयरफोन असतात. त्यांचा स्वतःचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. समजा एखाद्याचा रोध मधल्या स्वरांना २० ओहम आहे आणि वरच्या एका पट्ट्यात तो ५ ओहमवर येतो. प्लेअरचा रोध १० ओहम असेल, तर मधल्या स्वरांना विजेच्या दाबाचा २०/३० म्हणजे दोनतृतीयांश भाग मिळेल आणि वरच्या पट्ट्याला ५/१५ म्हणजे एकतृतीयांश. नेमका निम्मा, म्हणजे ६ डेसिबलची घट. झांजांची आणि जवारीची झळाळी तिथेच मेली. आता प्लेअरचा रोध १ ओहम धरा. मधल्या स्वरांना २०/२१, वरच्यांना ५/६. फरक जेमतेम सव्वा डेसिबलचा. इयरफोन तोच, फाइल तीच, चिप कुठलीही असो, आवाज बदलून गेला. ‘कॅम्पफायर अँड्रोमेडा’ या प्रसिद्ध अमेरिकन इयरफोनबद्दल शौकीन वर्षानुवर्षं उलटसुलट मतं देत आले, त्यामागचं एक कारण हेच. प्रत्येकाने तो वेगळ्या रोधाच्या यंत्राला लावला होता. प्लेअरचा रोध इयरफोनच्या रोधाच्या एकअष्टमांशाहून कमी असावा, असा ठोकताळा वापरतात. आर्मेचरवाल्या इयरफोनसाठी १ ओहमच्या आत असलेला बरा.

असे संवेदनशील इयरफोन आणखी एक दोष उघडा पाडतात. गाणं थांबवलं की कानात बारीक ‘हिस्स’ ऐकू येतो. तो अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आवाज असतो. आलापीतल्या दोन स्वरांमधल्या शांततेत तो हिस्स असेल तर मजा गेलीच. दुकानात हे तपासायला अर्धं मिनिट पुरतं: इयरफोन लावा, आवाज अगदी कमी करा, शांत सुरुवातीचा ट्रॅक लावा आणि ऐका. बाहेर गोंगाट असेल तर दुकानदाराला आतल्या शांत कोपऱ्यात बसू द्यायला सांगा. एवढे पैसे मोजणाऱ्याला तेवढा हक्क आहे.

मोठ्या हेडफोनचं दुखणं उलटं असतं. त्यांना जोर लागतो. सेनहायझर एचडी ६०० हा १९९७ पासून चालत आलेला हेडफोन ३०० ओहमचा आहे आणि १ व्होल्टला ९७ डेसिबल आवाज देतो. वर सांगितलेल्या सोनीच्या साध्या जॅकची ताकद १६ ओहमला ६० मिलिवॉट होती, म्हणजे जवळपास १ व्होल्ट. एचडी ६०० त्यावर वाजतो, मोठाही वाटतो. पण वाद्यवृंदाचा अचानक येणारा कडकडाट किंवा पखवाजाची थाप पूर्ण उंचीने यायला जी मोकळीक लागते, ती तिथे संपते. अशा हेडफोनसाठी ‘बॅलन्स्ड’ जॅक कामाचा असतो. त्यात डाव्या-उजव्या बाजूंना स्वतंत्र जोड्यांमधून वीज जाते आणि दाब साधारण दुप्पट मिळतो. पूर्वी अ‍ॅस्टेल अँड कर्न या कंपनीने रुळवलेला २.५ मिलिमीटरचा नाजूक जॅक चालायचा. २०१६ च्या सुमारास ४.४ मिलिमीटरचा दणकट जॅक जपानच्या मानकात आला आणि आता तोच सर्वत्र दिसतो. नवा प्लेअर घेताना ४.४ चाच घ्यावा. पण सहज वाजणाऱ्या इयरफोनला बॅलन्स्डचा जोर लागतच नाही. उलट काही प्लेअरमध्ये त्याच जॅकवर हिस्स वाढतो आणि बॅटरीही लवकर उतरते.

चिपबद्दल बोलायचं तर २० ऑक्टोबर २०२० ची आग आठवावी लागते. जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि उंची डीएसी चिपचा पुरवठा आटला. तोवर ‘एकेएमचा मखमली आवाज’ आणि तिच्या प्रतिस्पर्धी ‘ईएसएसचा धारदार आवाज’ अशा दोन पंथांत शौकीन विभागलेले होते. आता निर्मात्यांना पर्याय शोधावेच लागले. फियो कंपनीच्या एम११ प्लस या प्लेअरची एक आवृत्ती एकेएमवर निघाली, पुढची ईएसएसवर. कुणी सुट्या रोधकांची शिडी रचून स्वतःचे डीएसी बनवले. यंत्रं वाजत राहिली, चांगलीच वाजली. चिपभोवतीची रचना, म्हणजे वीजपुरवठा, फिल्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर, नीट असली की चिपच्या नावाला फार अर्थ उरत नाही, हे त्यातून पुरेसं दिसलं.

सॉफ्टवेअरचं तसं नाही. रोज हात लागतो तो त्याला. इथे दोन जाती आहेत. काही प्लेअर अँड्रॉइडवर चालतात; त्यांत स्ट्रीमिंगची अ‍ॅप टाकता येतात. काही निर्मात्याच्या स्वतःच्या आटोपशीर प्रणालीवर चालतात. ते झटकन सुरू होतात, बॅटरी पुरवून वापरतात आणि संगीताखेरीज काही करत नाहीत. अँड्रॉइडवाला घेतलात तर तो किती जुन्या आवृत्तीवर आहे ते पाहा. प्लेअरला फोनसारखे नियमित अपडेट क्वचित मिळतात आणि काही वर्षांनी स्ट्रीमिंगची अ‍ॅप त्याला नाकारू लागतात. शिवाय साधं अँड्रॉइड बऱ्याचदा सगळा आवाज ४८ किलोहर्ट्झला बदलून पाठवतं. चांगले निर्माते हा अडथळा टाळून फाइल तिच्या मूळ मापात डीएसीपर्यंत नेतात. ते होतंय की नाही, हे पडद्यावरच्या आकड्यावरून कळतं.

मराठी श्रोत्याने आणखी दोन गोष्टी दुकानातच पाहून घ्याव्यात. आपल्या कार्डावर देवनागरी नावांच्या चार फाइली टाकून न्याव्यात. काही स्वतंत्र प्रणाल्या देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात, किंवा ‘ज्ञ’ आणि ‘र्य’ तोडून लिहितात. दुसरी गोष्ट सलग वादनाची. ख्यालाच्या सीडीत विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक पाडलेले असतात, पण मैफल सलग असते. एकातून दुसऱ्यात गाणं खंड न पडता जातं. प्लेअर दोन ट्रॅकच्या मधे क्षणभर थांबत असेल तर ऐन चढत्या क्षणी हिसका बसतो. एमपी३ मध्ये फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा भरली जाते, त्यामुळे तिथे हा त्रास जास्त. फ्लॅकमध्ये नमुने मोजून तेवढेच असतात.

फ्लॅक हे २००१ पासूनचं, कुणाच्याही मालकीबाहेरचं स्वरूप. फाइल लहान होते, पण एकही बिट हरवत नाही. सीडीच्या मापातलं एक तासाचं संगीत कच्चं ६३५ एमबी भरतं, फ्लॅकमध्ये ते बहुधा ३०० ते ४०० एमबीत बसतं. म्हणजे एक टीबीच्या कार्डात अडीच हजार तासांहून जास्त. त्याच तासाला २४ बिट, १९२ किलोहर्ट्झमध्ये कच्च्या स्वरूपात चार जीबीहून अधिक जागा लागते. संग्रह असा मोकळ्या स्वरूपात ठेवावा, हे दोन प्रकरणं शिकवून गेली आहेत. गायक नील यंग यांनी २०१४ मध्ये ‘पोनो’ हा तिकोनी प्लेअर आणला. लोकवर्गणीतून ६० लाख डॉलरहून जास्त जमले, यंत्र ३९९ डॉलरचं आणि आवाजाला खरोखर चांगलं होतं. पण २०१६ मध्ये त्याचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान बंद पडलं आणि २०१७ मध्ये यंग यांनी पोनोचाच शेवट जाहीर केला. ज्यांच्याकडे साध्या फ्लॅक फाइली होत्या, त्यांचा पोनो पुढेही वाजत राहिला. दुसरं प्रकरण ‘एमक्यूए’चं. हे मालकीचं स्वरूप वाजवता यावं म्हणून प्लेअरवाले परवाना घेत, त्याचा शिक्का मिरवत. २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, २०२४ मध्ये टायडल या स्ट्रीमिंग सेवेने ते स्वरूप सोडलं, आणि शिक्क्यासाठी मोजलेले पैसे वाया गेले.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. सोनीचं एलडॅक हे ब्लूटूथसाठीचं स्वरूप सेकंदाला जास्तीत जास्त ९९० किलोबिट नेतं, सीडीला लागतात १,४११. आवाज छान येतो, पण अशा वेळी डीएसी आणि अ‍ॅम्प्लिफायर इयरफोनमधले वापरले जातात. प्लेअरमधले नुसते बसून राहतात. बहुतेक वेळ बिनतारी ऐकणार असाल, तर महागडा प्लेअर घेऊच नका. तारेने ऐकणार पण रक्कम बेताची असेल, तर फोनला लावायचा छोटा यूएसबी डीएसी पाहा. अ‍ॅपलचा ९ डॉलरचा ठोकळाही मोजमापात उत्तम उतरतो आणि सहज वाजणाऱ्या इयरफोनना पुरतो. त्यापुढे प्लेअरसाठी पैसे द्यायचे ते जास्त ताकदीसाठी, खिशात हात घालून न पाहता फिरवता येणाऱ्या आवाजाच्या चाकासाठी, फोनची बॅटरी न खाण्यासाठी, आणि ‘मारवा’ चालू असताना कुणाचा संदेश वाजू नये यासाठी. ही सगळी चांगली, पुरेशी कारणं आहेत.

दोन प्लेअर समोरासमोर ऐकताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. एक डेसिबलने मोठा असलेला प्लेअर ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. दुकानात सगळ्यात जास्त फसगत याच कारणाने होते. दोन्हींवर ४०० हर्ट्झचा एकच सूर लावून मल्टिमीटरने दाब जुळवला तर उत्तम; नाही तर निदान दुसऱ्याच्या हाती प्लेअर देऊन डोळे मिटून ऐका. फाइलींची परीक्षा घरी संगणकावर होते. फूबार२००० या मोफत प्रोग्रॅममध्ये एबीएक्स चाचणीची, म्हणजे कुठली फाइल वाजतेय हे न दाखवता ओळखायला लावण्याची, सोय आहे. एकच २४ बिटची फाइल घ्या, तिच्यापासून सीडीच्या मापाची प्रत काढा आणि दहा वेळा ओळखून पाहा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता जेमतेम एक टक्का असते. तुम्हाला ते जमलं, तर खुशाल हाय-रेझवर खर्च करा.

आवाज किती ठेवावा यालाही मोजमाप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास ही हद्द; दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. ८९ डेसिबलला ती आठवड्याला पाच तासांवर येते. लोकलच्या डब्यात उघड्या पाठीचा हेडफोन लावला की गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवावाच लागतो. कानात घट्ट बसणारा इयरफोन बाहेरचा गोंगाट अडवतो आणि तेवढाच आवाज खाली ठेवता येतो. प्रवासात ऐकणाऱ्याने इयरफोन निवडतानाच हे धरावं.

प्लेअर घरी आला की पहिल्याच आठवड्यात फाइलींची नावं लावायला बसा, कारण प्लेअरचं शोधणं त्या नावांवरच चालतं. कलाकार, अल्बम आणि प्रकार ही खाती पाश्चात्त्य संगीतासाठी आखलेली आहेत. राग, ताल, साथीदार यांना त्यांत जागा नाही. फ्लॅकमध्ये मात्र हवं ते खातं आपल्या नावाने उघडता येतं. तरी प्लेअर ते दाखवेलच असं नाही, म्हणून रागाचं नाव ट्रॅकच्या नावात सुरुवातीलाच लिहावं आणि ‘प्रकार’ या खात्यातही टाकावं. मग ‘यमन’ निवडला की वेगवेगळ्या घराण्यांचे सगळे यमन एका यादीत येतात. आणि हे सगळं कार्डावर चढवण्याआधी घरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत ठेवा. कार्डं न सांगता मरतात.